समुद्राकाठची वस्ती

मुंबईच्या पश्चिम उपनगरात जुहू नावाचा प्रसिद्ध किनारा आहे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तेथे माणसांची एवढी दाटी होते की, पायाखालची वाळू दिसू नये. भेळेच्या गाड्यांभोवती घोळके जमतात, लहान मुले ओल्या वाळूचे किल्ले बांधतात, कोणी मावळत्या सूर्याकडे पाहत स्वस्थ बसून राहतो. अमावास्येला किंवा पौर्णिमेला उधाणाची भरती आली, म्हणजे मात्र पाणी हां हां म्हणता पुढे सरकते व ते किल्ले पुसून टाकते. काही तासांनी पाणी ओसरते, किनारा पुन्हा मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी नवी मुले नवे किल्ले बांधू लागतात.

समुद्राने यावे आणि समुद्राने जावे, हा क्रम हजारो वर्षे चालत आलेला आहे. परंतु पुढे आलेला समुद्र पुरता मागे गेलाच नाही तर? शंभर वर्षांपूर्वी कोणी असा प्रश्न विचारला असता, तर लोक त्याला हसले असते. आज जगातील शास्त्रज्ञ ह्याच प्रश्नाचा अभ्यास करीत आहेत आणि त्याच्या उत्तरावर कोट्यवधी माणसांची घरेदारे अवलंबून आहेत.

जुहू हे मुळात एक बेट होते. साष्टी बेटाच्या पश्चिमेस समुद्रात वाळूचा एक लांबट व अरुंद पट्टा होता. तो समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच होता. ओहोटीच्या वेळी मधली खाडी पायी ओलांडून तेथे जाता येई. भरती आली की त्याचा संबंध तुटे. ह्या बेटाच्या उत्तर भागात भंडारी, आगरी आणि कुणबी लोकांची वस्ती होती. दक्षिणेकडे कोळ्यांचा वाडा होता. भंडारी ताडामाडांवर चढत, आगरी मिठाचा व्यवहार करीत, कुणबी शेती करीत आणि कोळी होड्या घेऊन समुद्रात जात. माणसे थोडी होती व गरजाही थोड्या होत्या. समुद्राची मर्यादा ओळखून राहावे, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यांना आलेले होते.

पुढे काळ पालटला. मधली खाडी आणि खाजण भरत गेले व जुहू साष्टीला जोडले गेले. १९२४ साली तुरुंगातून सुटल्यावर महात्मा गांधी प्रकृती सुधारण्यासाठी ह्याच किनाऱ्यावर येऊन राहिले होते. १९२८ साली जुहूला विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका लहानशा विमानाने येथेच उतरले. परंतु ह्या विमानतळाची एक अडचण होती. तो सखल खाजणाच्या जमिनीवर वसलेला असल्यामुळे पावसाळ्यात निरुपयोगी होई. मग विमानांना आपला मुक्काम पुण्याजवळ येरवड्यास हलवावा लागे. पाऊस सरला की ती परत येत. जमीन भरून काढता येते. पण पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, हे जुहूने त्या काळीच दाखवून दिले होते.

जुहूची जी कथा, तीच साऱ्या मुंबईची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती. १७८४ च्या सुमारास वरळीकडील खिंडार बांध घालून बुजविण्यात आले. १८४५ साली माहीम आणि वांद्रे ह्यांना जोडणारा रस्ता झाला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागली. गिरण्या निघाल्या, गोदी बांधली गेली आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. १९०१ साली मुंबई शहरात सुमारे पावणेआठ लाख लोक होते. २०११ च्या जनगणनेत शहर व उपनगरे मिळून ही संख्या १ कोटी २४ लाखांवर गेली. त्यांतील सुमारे साडेत्र्याण्णव लाख लोक एकट्या उपनगर जिल्ह्यात राहत होते. त्या वेळी महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसे होती. उपनगर जिल्ह्यात ती सुमारे एकवीस हजार होती!

एवढी माणसे मुंबईस का आली? कोणी गिरणीत काम मिळेल म्हणून आला, कोणी शिकावयास आला. परंतु कित्येकांना त्यांच्या गावानेच बाहेर लोटले. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, चारा संपला, जनावरे मिळेल त्या किमतीला विकावी लागली. कित्येक कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि कित्येकांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. मराठवाड्यातील एखाद्या गावी विहीर आटते, तेव्हा मुंबईतील एखाद्या नाल्याकाठी एक नवी झोपडी उभी राहते. दोन गोष्टी एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर घडतात. पण त्यांचा संबंध कारण आणि कार्य ह्यांसारखा जवळचा असतो.

उशिरा आलेल्या गरिबाला उंचावरची कोरडी जागा कोठून मिळणार? ती आधीच भरलेली असते. त्याच्या वाट्याला नाल्याचा काठ, खाजणाची कड किंवा टेकडीचा घसरता उतार येतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत दर दहा माणसांपैकी सुमारे चार माणसे झोपडवस्तीत राहत होती. पाण्याच्या भयाने गाव सोडलेला मनुष्य पुन्हा पाण्याच्याच तोंडाशी येऊन बसतो. फरक एवढाच की, तिकडे पाणी नव्हते आणि इकडे ते अनावर आहे.

ते किती अनावर होऊ शकते, हे २६ जुलै २००५ रोजी दिसून आले. त्या दिवशी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अख्ख्या जुलै महिन्यात तेथे सरासरीने जेवढा पाऊस पडतो, त्याहूनही हा अधिक होता. त्याच दिवशी कुलाब्यास मात्र अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी फुगली, इर्ल्याचा नाला तुडुंब भरला आणि घराघरांत पाणी शिरले. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. हजारो माणसांनी छातीइतक्या पाण्यातून वाट काढीत घर गाठले; कित्येकांना ती रात्र शाळेत, कचेरीत किंवा अनोळखी माणसाच्या घरी काढावी लागली. त्या पुराने मुंबईत चारशेहून अधिक माणसांचे प्राण घेतले.

एवढे पाणी समुद्रात का गेले नाही? समुद्र तर अगदी जवळ होता! ह्याचे कारण साधे आहे. ओहोटीच्या वेळी नाल्यांची मुखे उघडी असतात व पावसाचे पाणी वाहून जाते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी ह्या मुखांच्या वर चढते. मग नाल्यातील पाणी बाहेर जाईना आणि समुद्राचे पाणी आत येऊ लागले, अशी स्थिती होते. त्या दिवशी जोराचा पाऊस आणि मोठी भरती ह्यांची गाठ पडली. शिवाय शहरातील जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती आणि पाणी मुरावे अशी मोकळी जमीन उरलेली नव्हती. ह्या आपत्तीनंतर जुहू येथे इर्ल्याच्या नाल्यावर पाणी उपसून समुद्रात टाकणारे मोठे पंप बसविण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. समुद्र खरोखरच वर चढत आहे काय? मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पातळीच्या नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. अशा अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी २०२१ साली सांगितले की, १९०१ ते २०१८ ह्या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वाढली. शिवाय वाढीचा वेगही वाढत आहे. २००६ पासून पुढील बारा वर्षांत ती दरवर्षी ३.७ मिलिमीटर ह्या वेगाने चढत होती.

ह्याला मुख्य कारणे दोन. कोळसा आणि खनिज तेल जाळल्यामुळे हवेत कर्बवायू साठतो. तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो व पृथ्वी तापते. तापलेले पाणी प्रसरण पावते. म्हणून समुद्र फुगतो, हे पहिले कारण. दुसरे कारण बर्फाचे. पेल्यात बर्फाचा खडा टाकून पेला पाण्याने काठोकाठ भरावा. खडा वितळला तरी पाणी सांडत नाही. कारण तरंगणाऱ्या खड्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. परंतु भरलेल्या पेल्यात बाहेरून आणखी खडा टाकला, तर पाणी तत्काळ सांडते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील अफाट बर्फ तसेच पर्वतांवरील हिमनद्या जमिनीवर आहेत. तो बर्फ वितळून समुद्रात आला की पातळी वाढते. मनुष्यजातीने आताच धूर आवरला, तर इ. स. २१०० पर्यंत ही वाढ अर्ध्या मीटरच्या आसपास थांबण्याचा संभव आहे. न आवरल्यास ती एक मीटर, म्हणजे दोन हातांहून अधिक होऊ शकेल.

दोन हात पाण्याचे काय एवढे भय, असे कोणाला वाटेल. परंतु किनारा भिंतीसारखा उभा नसतो, तो उतरता असतो. तेथे पाणी वीतभर वर चढले की आडवे कित्येक मीटर पुढे येते. प्रत्येक भरती थोड्या वरच्या पायरीवरून सुरू होते. नाल्यांची मुखे अधिक वेळ बंद राहतात. वादळाची लाट पूर्वी जेथे थांबत असे, त्याच्या पुढे जाते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबईजवळून गेले. त्याने होड्या फोडल्या, झाडे उन्मळून टाकली आणि समुद्राच्या पोटातला कचरा किनाऱ्यावर आणून ओतला.

म्हणून शास्त्रज्ञ ‘वासयोग्यता’ असा शब्द वापरतात. एखादी जागा राहण्यास योग्य आहे किंवा नाही, हे ती पाण्याबाहेर आहे एवढ्यावरून ठरत नाही. गोडे पाणी हवे, सोसेल एवढी उष्णता हवी, पोट भरण्याचे साधन हवे. विहिरीत खारे पाणी उतरले, शेतात मीठ फुटले, हवा इतकी दमट व उष्ण झाली की अंगावरचा घाम सुकेना, तर जमीन बुडण्याच्या कितीतरी आधी मनुष्याला तेथून उठावे लागते.

असे प्रत्यक्ष घडलेले आहे. ओडिशा राज्याच्या केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचा गावांचा समूह होता. समुद्राने त्यांतील गावे एकामागून एक गिळली. अखेर २०१८ साली सरकारने उरलेल्या पाचशेहून अधिक कुटुंबांना बागपतिया येथील नव्या वसाहतीत नेले. गावकऱ्यांनी आपली ग्रामदेवता पंचुबाराही हिच्या मूर्तीही आपल्याबरोबर नेल्या. प्रशांत महासागरातील तुवालू हा नऊ बेटांचा चिमुकला देश आहे. त्याने २०२३ साली ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहावयास जाता येते. एका देशाने आपल्या लोकांसाठी दुसऱ्या देशाचे दार असे उघडून घ्यावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे, इ. स. २०५० पर्यंत जगाच्या सहा विभागांत २१ कोटी ६० लाख लोकांना हवामानातील बदलामुळे आपापल्या देशातच घर सोडून दुसरीकडे जावे लागण्याचा संभव आहे. परंतु त्याच अहवालात असेही म्हटले आहे की, वेळीच उपाय केल्यास ही संख्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कमी करता येईल.

ह्या सर्वांचे मूळ लोकसंख्येत आहे, असे काही लोक म्हणतात. अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात, असा इशारा माल्थस ह्या इंग्रज पंडिताने १७९८ सालीच दिला होता. १९६० च्या सुमारास जगात तीनशे कोटी माणसे होती. २०२२ साली ती आठशे कोटी झाली. एका बेटावर राहणारी माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याची जमीन आणि पाणी कमी होते, हे खरेच आहे. परंतु तेवढेच खरे नाही. घराघरांत शिक्षण आणि औषधपाणी पोहोचले, मुलींना शाळा मिळाली, तशी कुटुंबे आपोआप लहान होत गेली. २०१९ ते २०२१ मधील पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होती. लोकसंख्या स्थिर राहण्यास हे प्रमाण सुमारे २.१ लागते. जगाची लोकसंख्याही ह्या शतकाच्या उत्तरार्धात वाढावयाची थांबेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. माणसे किती, ह्याबरोबरच प्रत्येक माणूस किती जाळतो, हेही महत्त्वाचे आहे. सरासरी भारतीय मनुष्यामुळे हवेत जाणारा कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. धूर ज्यांनी फार केला, ते बहुधा उंच व कोरड्या घरांत राहतात. ज्यांनी थोडा केला, त्यांच्या उंबऱ्याशी पाणी आधी येते. म्हणून नाल्याकाठच्या गरिबाकडे बोट दाखवून ‘ह्यांची गर्दी झाली’ असे म्हणणे सोपे असले, तरी ते न्यायाचे नव्हे.

जुहूच्या कोळीवाड्याचा विचार केला म्हणजे हा प्रश्न स्पष्ट होतो. उद्या तेथील कुटुंबांना पाण्यापासून दूर, एखाद्या उंच इमारतीत घरे दिली, तर ती सुरक्षित होतील काय? भिंती सुरक्षित होतील, ह्यात शंका नाही. परंतु होडी कोठे ओढून ठेवावयाची? जाळी कोठे विणावयाची? बोंबील वाळविण्याच्या वलांड्या कोठे उभ्या करावयाच्या? भरती-ओहोटीची वेळ खिडकीतून कशी ओळखावयाची? घर हलविता येते. त्या घराचा पोटापाण्याशी असलेला संबंध सहजासहजी हलविता येत नाही. म्हणून विस्थापन करणे अटळ असले, तरी ते ज्यांचे व्हावयाचे त्यांना विचारूनच झाले पाहिजे.

आणि विस्थापन हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. खाडीकाठची तिवरे ही निसर्गाने घातलेली कुंपणे आहेत. त्यांची मुळे गाळ धरून ठेवतात आणि लाटांचा जोर मोडतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीस मनाई केली. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या रक्षणासाठी कांदळवन कक्ष स्थापन केला. २०२२ साली मुंबई महानगरपालिकेने हवामानविषयक कृती आराखडा प्रसिद्ध केला. नाले स्वच्छ राखणे, पाणी मुरण्यास मोकळी जमीन ठेवणे, वादळाची सूचना वेळेवर देणे, कोळसा आणि तेल कमी जाळणे, तसेच खेड्यांत पाणी अडवून तेथील माणसाला तेथेच जगता येईल असे करणे, हीसुद्धा मुंबईच्या रक्षणाचीच कामे आहेत. गावची विहीर भरली, तर नाल्याकाठची एक झोपडी कमी होते.

दीडशे-दोनशे वर्षे मुंबईने दुष्काळाने, रोगाने आणि दारिद्र्याने हुसकलेल्या माणसांना आसरा दिला. आता आसरा देणारे हे शहर स्वतःच समुद्राच्या कडेवर उभे आहे. नारळी पौर्णिमेस कोळी लोक समुद्राला नारळ अर्पण करतात. समुद्राने आपली मर्यादा पाळावी, अशी त्यांची प्रार्थना असते. परंतु मर्यादा दोघांनीही पाळावयाची असते. मनुष्याने आपली मर्यादा पाळली, तर जुहूच्या वाळूत आणखी कित्येक पिढ्यांची मुले किल्ले बांधतील, समुद्र ते पुसून टाकील आणि ती हसत हसत पुन्हा बांधावयास बसतील.

शब्दार्थ

उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती
खाजण – भरतीचे पाणी शिरते अशी खाडीकाठची सखल जमीन
साष्टी – वांद्र्यापासून उत्तरेकडे पसरलेले मोठे बेट
वासयोग्यता – राहण्यास योग्य असण्याची स्थिती
तिवर – खाऱ्या पाण्यात वाढणारे एक झाड
वलांडी – मासे वाळत घालण्यासाठी उभारलेली काठ्यांची मांडणी
विस्थापन – राहते ठिकाण सोडून जावे लागणे

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुहूच्या बेटावर पूर्वी कोणकोणते लोक राहत व ते काय करीत?
(आ) पावसाळ्यात जुहूच्या विमानांना येरवड्यास का जावे लागे?
(इ) समुद्राची पातळी वाढण्याची दोन कारणे कोणती?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) २६ जुलै २००५ रोजी पावसाचे पाणी समुद्रात का जाऊ शकले नाही?
(आ) ‘जमीन बुडण्याच्या कितीतरी आधी मनुष्याला तेथून उठावे लागते.’ हे विधान स्पष्ट करा.
(इ) लोकसंख्येविषयी पाठात मांडलेल्या दोन्ही बाजू तुमच्या शब्दांत सांगा.

३. पुढील वाक्यांचा भावार्थ सांगा.
(अ) पाणी आपली जुनी जागा विसरत नाही.
(आ) मर्यादा दोघांनीही पाळावयाची असते.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
हां हां म्हणता, वाट धरणे, गाठ पडणे, बोट दाखविणे.

५. उपक्रम
पेल्यातील बर्फाचा प्रयोग घरी करून पाहा व जे दिसेल ते वहीत लिहा. तुमच्या घरातील किंवा शेजारातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास, त्यांचे कुटुंब मूळ गाव सोडून केव्हा व का आले ते विचारा आणि त्यावर दहा-बारा ओळी लिहा.